लिंबाखालची जागा

"बापाला कशाला उठवता? हा आहे की. याच्या रक्तातच आहे ते," इंजिनियरसाहेब म्हणाले आणि नगराध्यक्षांची वहाण माझ्या हातात दिली.

वहाणेचा अंगठा तुटला होता. भर चौकात नव्या बांधकामाची पाहणी चालली होती. मी नगरपालिकेत ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा शाईनं गिरवणारा. मॅट्रिक झालेला, वाचनालयातली निम्मी कपाटं वाचलेला, इस्त्रीच्या शर्टातला. दहा पावलांवर लिंबाखाली माझे वडील, आबा, आरी-दोरा घेऊन बसलेले. ते उठायला लागले. साहेबांनी हातानंच त्यांना बसवलं.

मी आबांची आरी घेतली. उकिडवा बसलो. शिवलं.

"टाका झ्याक हाय गड्या. नकाशापरास बरा," नगराध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. शिवण्याची नाही, त्या हसण्याची लाज वाटते.

गिरणी बंद पडली होती. चौकातले तीन रस्ते लोक गाव सोडून जायला वापरत. चौथा गिरणीच्या कुलपापर्यंत जायचा. खानावळी ओस. नळाला दिवसाआड पाणी. अशा गावाला ऊर्जितावस्था यावी म्हणून चौकात कारंजं होणार होतं. रंगीत दिव्यांचं.

दुसऱ्या दिवशी कच्चा नकाशा माझ्यापुढं आला. कारंजं बरोबर लिंबापाशी. 'रिकामी जागा.'

"साहेब, तिथं आबा बसतात."

"ज्याला भिंत असेल तेच नकाशात दाखवतात. हे तुला शिकवायचं?"

नको होतं. चौकाचा जुना नकाशा मीच गिरवला होता. झाड दाखवलं होतं. झाडाखालचा माणूस नाही. 'रिकामी जागा' हे अक्षर माझंच. साहेबांनी फक्त उतरवून घेतलं होतं.

मी पेनात शाई भरली. लिंबाखाली चौकोन काढला. आत लिहिलं, 'चांभार. रोज बसतो.'

साहेब लाल झाले. "ब्लेडनं खरवड ते." ट्रेसिंगच्या कापडावरची चूक ब्लेडनंच काढतात.

"चूक न्हाई ती," मी म्हणालो. कचेरीत पहिल्यांदाच घरची बोली तोंडातून आली.

दुपारी नोकरी गेली.

घरी आबांनी आरी-दोरा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुज्या पगारावर चूल हाय रं. मी काय, कुटं बी बसंन."

"कुठं?"

पायच गाव सोडून गेले होते, चपला कुठून येणार? स्टँडवर उतरणारी माणसं या एकाच चौकातून जात. इथून आबा उठले, की ते संपले.

दोन दिवसांनी मुकादम माणसं घेऊन आला. लिंबाभोवती चुन्याची फक्की ओढली. मी आबांशेजारी पोतं अंथरून बसलो.

"तुमी तर शिकल्याली मानसं. उठा की," मुकादम म्हणाला.

"न्हाई उठत. पोलीस आण. उचलून न्या. सुटलो की पुन्हा इथंच येऊन बसणार."

आबा माझा शर्ट ओढत होते, "ऊठ रं, ऊठ." मी उठलो नाही.