परीक्षेच्या दिवशी मी बंदरावर उभी होते

माझा मुलगा बोईसरच्या एका कंपनीत बॉयलरवर मदतनीस होता. चाळिशी उलटली तरी मदतनीसच. मग नवा बॉयलर यायचं ठरलं आणि वरच्या साहेबाने सांगून टाकलं, ज्याच्याकडे सरकारी सर्टिफिकेट असेल तोच नव्यावर राहील, बाकीच्यांनी गोण्या उचलायच्या. मुलाच्या कमरेत तेव्हाच कळा येत होत्या. गोण्या उचलून तो फार दिवस टिकला नसता, हे मला दिसत होतं. म्हणून त्याने परीक्षेला बसायचं ठरवलं.

मी चौथीपर्यंत शिकले. परीक्षेची मला भीती नाही आणि कौतुकही नाही. पोटाला उपयोगी पडत असेल तर द्यावी.

तो पाळीवरून आमच्या गावी, मुरब्याला, घरी यायचा तेव्हा सून आणि मी अंगणात वाळलेले बोंबील उतरवत असायचो. तो बाजूला बसायचा. सून एका हाताने बोंबील काढायची, दुसऱ्या हातात त्याचं पुस्तक धरायची. पुस्तकाला बोंबलांचा वास लागला होता.

"बॉयलरच्या काचेत पानी दिसत नाय. काय करशील?" ती विचारायची.

"आदी नीट विचार. साहेब असा विचारतो काय?"

"साहेब मी हाय. तू उत्तर दे."

मी मध्येच म्हटलं, "पानी नाय तर पानी ओतायचं. त्यात काय शिकायचं?"

"आये, फोडलास बॉयलर!" मुलगा म्हणाला. "पयली आग बंद करायची. तापलेल्यात थंड पानी गेलं का आपून सगळे वर."

"आय नापास," सून म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो.

परीक्षा मुंबईला होती. लेखी झाली होती, तोंडी राहिली होती. ती चुकली तर पुन्हा बसायला मिळेपर्यंत नवा बॉयलर चालू झाला असता. तोंडीच्या आदल्या दिवशी वारा उठला आणि गावातली एक बोट परत आली नाही.

आमच्याकडे बोट आली नाही की प्रत्येक घरातला एक पुरुष बंदरावर जाऊन उभा राहतो. ज्यांच्या बोटी आहेत ते शोधायला जातात, बाकीचे नुसते उभे राहतात. बायका त्या बोटीवरच्या खलाशांच्या घरी जाऊन बसतात. गावात कोणी चूल पेटवत नाही. उभं राहिल्याने समुद्र कोणाला काही परत देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी उभं राहायचं. माझा नवरा गेला तेव्हा सगळं गाव उभं होतं. आता त्या बोटीवर आमच्या शेजारणीचा मुलगा होता. माझ्या मुलाच्या बरोबरीचा, शाळेत एकाच बाकावर बसलेला. माझ्या नवऱ्यासाठी तोही उभा राहिला होता.

पहाटे मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसून राहिला.

"मी जात नाय," तो म्हणाला.

"जा."

"आये, बाबाच्या टायमाला तो उभा होता."

"म्हाईत हाय मला. तू उभा राहिलास तर बोट येनार हाय काय?"

तो उठून उभा राहिला.

"मंग जा. तुझ्या जागी मी उभी राहते."

सुनेने त्याच्या हातात पिशवी दिली. मागच्या गल्लीने जाऊन त्याने टमटम पकडली.

मी बंदरावर पुरुषांत जाऊन उभी राहिले. बोट हाकणारा एक म्हातारा तांडेल म्हणाला, "तू हितं काय करते गो? बायका तितं बसल्यात."

"माझ्या घरातून मी आलीय."

"आनि तो?"

"परीक्षेला गेला."

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या वयात? पाटी-पेन्शिल नेली काय संगती?"

कोणी हसलं नाही. मीही मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी दांडी गावच्या एका बोटीने दोन खलाशांना जिवंत आणलं. शेजारणीचा मुलगा ओहोटीला किनाऱ्याला लागला.

माझा मुलगा दिवेलागणीला आला. टमटममधून उतरला तेव्हाच्या चालीवरून मला कळलं की परीक्षा चांगली झाली. मग त्याने शेजारच्या दारातली गर्दी पाहिली. तिरडी उचलताना तो खांदा द्यायला पुढे झाला. मेलेल्याच्या भावाने त्याचा हात बाजूला केला आणि हळूच म्हणाला, "राहू दे. परीक्षेनं दमला असशील."

तो सगळ्यांच्या मागून चालत गेला.

तो पास झाला. नव्या बॉयलरवर लागला, कंबर वाचली. गावात कोणी त्याला टाकून बोललं नाही. लग्नाची आमंत्रणं येतात, पण पत्रिका माझ्या हातात देतात. पावसाळ्याआधी बोटी वर ओढायला सगळ्या पुरुषांना हाका मारतात, आमचं दार सोडून पुढे जातात. वर्षभर त्याने ते पाहिलं. मग पाळीला सोयीचं पडतं म्हणून बोईसरला खोली घेतली आणि बायकोला, मुलीला घेऊन गेला. पाळीला तो इतकी वर्षं इथूनच जात होता, हे मी बोलले नाही.

त्याला पाठवल्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा तसं झालं तर पुन्हा पाठवीन. पण आता मी एकटीपुरता भात टाकते, आणि तोही उरतो. बोंबील थोडेच वाळवते. शेजारीण माझ्याशी बोलते, मीठ-मिरची मागते. फक्त माझ्या मुलाचं कधी विचारत नाही. त्याचं नाव निघालं की तिला घरात काहीतरी काम आठवतं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

यंदा तो बॉयलरच्याच वरच्या वर्गाच्या परीक्षेला बसला. ती झाली तर बॉयलर घराचा मुख्य होईल. आता प्रश्न विचारायला मुलगी आहे, ती कॉलेजात जाते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. कमरेचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. 

"आये," तो म्हणाला, "सगल्या बोटी आल्या काय?"

"आल्या," मी म्हटलं. "जा तू बिनघोर."

फोन ठेवला आणि मग बंदरावर बघायला गेले.