टेरिअरचा डावा कान

माझ्याकडे टेरिअर जातीच्या कुत्र्यांची एकोणीस चित्रं आहेत. त्यातली अठरा मी रीतसर मिळवली. एकोणिसाव्याबद्दल घरातही कधी बोललो नाही. आता पन्नाशी उलटलीय, गप्प बसण्याचाही कंटाळा आलाय, म्हणून लिहितो.

फाळणीनंतरची वर्षं ती. मी बेलवलीत राहत होतो आणि सायकलने अंबरनाथच्या एका कारखान्यात जात होतो. तिथे मी ट्रेसर होतो. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या कच्च्या आराखड्यावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि शाईने पक्क्या रेघा मारायच्या, एवढंच काम. साहेबाचा हात हलला असेल तिथली रेघ न विचारता सरळ करायची. सगळ्या रेघा एका जाडीच्या. संध्याकाळी डोळे मिटले तरी त्याच दिसायच्या.

पलीकडे कँपात, ज्याला पुढे उल्हासनगर म्हणायला लागले, तिथे लढाईच्या काळात गोऱ्या पलटणी होत्या. त्या गेल्या आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली. साहेबांच्या भिंतींवरची चित्रं भंगारात निघाली आणि फ्रेमवाल्यांनी ती चौकटीसाठी नि काचेसाठी उचलली. ज्यांचं सगळं मागे राहिलं होतं त्यांना आधी देव हवे होते. आतलं चित्र काढायची तसदी कोण घेणार? त्याच्यावरच देवाचा कागद ठेवायचा, काच बसवायची, मागून खिळे ठोकायचे. साहेबाचं चित्र देवाच्या पाठीला पुठ्ठ्यासारखं उपयोगी पडायचं.

मी तिथून दत्ताची तसबीर आणली होती. वर्षभरात तिची काच तडकली म्हणून उघडली, तर दत्तामागे एक कुत्रा बसलेला. राठ केसांचा, आखूड शेपटीचा, बिळात उंदीर दिसल्यासारखा ताठ. बायको म्हणाली, "पायाशी चार होतेच, पाचवा पाठीशी निघाला!"

ते चित्र मी कारखान्यात नेलं. आमच्या हेड ड्राफ्ट्समननी भिंग लावून पाहिलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने खाववून, शाई भरून छापलेलं ते एचिंग होतं. कडेला पत्र्याचा दाब कागदात उमटला होता. कुत्र्याच्या अंगावर हजारभर तरी रेघा असतील, आणि एकही दुसरीसारखी नव्हती. कुत्र्यांची मला लहानपणापासून भीती, कधी पाळला नाही. पण त्या रेघांनी मला धरलं.

मग दत्ताची तसबीर घेतली होती त्या चार नंबर कँपातल्या फ्रेमवाल्याकडे मी दर रविवारी जाऊ लागलो. तो मला साईं म्हणायचा, मीही त्याला साईं. आमचा करार साधा होता. मागे काय आहे ते मी उघडून पाहायचं, कुत्रा निघाला तर माझा. त्याच्या जागी मी घरून मापाने कापून आणलेला कोरा पुठ्ठा घालायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. एक काढायचं, एक घालायचं, हाताला सवय लागली.

"घोडा निघाला साईं, घेऊन जा," तो हसायचा.

"घोडा नको."

"जहाज?"

"कुत्राच."

"वाह रे आशिक!"

चार-पाच वर्षांत अठरा जमले. घरी बायको म्हणायची, "दारात कुत्रं आलं तर काठी शोधता, आणि भिंतीवर पलटण." तिचंही खरं होतं.

फ्रेमवाल्याची मोठी बहीण दुकानामागच्या बराकीत एकटी राहायची. सगळे तिला अम्मा म्हणत, आणि ती सगळ्यांना पुट, म्हणजे बेटा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा तीच द्यायची. एकदा कप घ्यायला आत गेलो तेव्हा खाटेवरच्या भिंतीला एक चित्र दिसलं. वीतभर पुठ्ठ्यावर तैलरंगात टेरिअरचं तोंड. पांढरा, एका डोळ्याभोवती तपकिरी डाग, डावा कान मोडून पडलेला. त्याच्याकडे पाहिलं की वाटायचं, आपण आत्ताच काहीतरी बोललो आणि ते त्याला पुरतं कळलेलं नाही.

"ये किसी अंग्रेज का है, अम्मा?"

"अंग्रेज का क्यों? मेरी बेटी का है, पुट."

तिची मुलगी कराचीत शेजारच्या मडमेकडे चित्र काढायला शिकायची. मडम विलायतेला गेली आणि कुत्रा मुलीला देऊन गेली. मग यांचीच निघायची वेळ आली. बोटीवर कुत्रा घेऊ देईनात. धक्क्यावर एका हमालाच्या हातात दोरी देऊन मुलगी बोटीवर चढली आणि इथे कँपात पहिल्याच वर्षी तापाने गेली. फोटो एकही नव्हता. "ये है बस," अम्मा म्हणाली आणि हाताने भिंत चाचपून चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं.

हे सगळं मला आधी माहीत होतं. नंतर कळलं असं मी पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं, पण तसं नाही. सगळं ऐकून, चहा संपवून, मी तिला सांगितलं की बराकीच्या ओलीने रंग सुटतोय, महिनाभर माझ्याकडे द्या, दुरुस्त करून आणतो. रंग थोडासा सुटला होताच. खोट्यात तेवढं खरं होतं.

"संभाल के, पुट."

"अम्मा, माझ्या आईचं समजून नेतो," मी म्हणालो. हे वाक्य अजून कानात आहे.

चोवीस रविवार नि संध्याकाळी घालवून मी त्याची नक्कल काढली. तसाच पुठ्ठा, मुंबईहून आणलेले रंग. जन्मात एवढं मन लावून काही केलं नव्हतं. महिन्याचे सहा महिने झाले, पण अम्माने निरोप पाठवला नाही. नक्कल जुन्या चौकटीत घालून, जुनेच खिळे मारून नेऊन दिली. तिने हात फिरवला, वास घेतला.

"नया बास आता है।"

"व्हार्निश लावलंय."

तिने बोटं ओठांना लावली आणि मला कपभर दूध दिलं. मी प्यालो. मग फ्रेमवाल्याने चित्र टांगायला घेतलं, उलटून पाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "खिळे तुम्ही ठोकले, साईं? वाकडे आहेत." एवढंच बोलला.

घरी येऊन मूळ चित्र समोर ठेवलं तेव्हा उजेड पडला. नकलेत मी डावा कान उभा केला होता. हललेली रेघ सरळ करायची हाताची सवय. सहा महिने समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. पोरीने पडका कान काढला होता, कारण त्या कुत्र्याचा कान पडका होता. मी तिची चूक दुरुस्त केली होती.

तिथून पुढे मी कँपात गेलो नाही. चित्र भिंतीवर लावलं नाही, ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. नवीन शोधणंही सुटलं. लावता येत नसेल तर हवं कशाला होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बायकोने विचारलं, "रविवारचं जाणं बंद झालं?" म्हटलं, पाय दुखतात.

तीन वर्षांनी बाजारात कुणीतरी सांगितलं, अम्माच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता चष्म्याने झकास दिसतं. मला धडकी भरली. तिला कान दिसला असणार. आठ दिवस कारखान्यात मी चुकीच्या रेघा मारल्या. नवव्या दिवशी ट्रंक उघडली, चित्र फडक्यात गुंडाळलं आणि गेलो.

अम्मा खाटेवर बसून भाजी निवडत होती. जाड भिंगांतून तिने मला प्रथमच नीट पाहिलं. "अरे, तू तो काला है!" म्हणून हसली. "आवाज से मैं समझती थी गोरा होगा."

मी फडकं सोडलं आणि सांगून टाकलं. भिंतीवरचं आहे ते मी काढलेलं, हे मुलीचं. मी बदललं. मी चोरलं. बाहेर हातोडीचा आवाज चालू होता, तो थांबला.

अम्माने चित्र हातात घेतलं, दाराकडे धरलं, मग भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ.

"नहीं पुट. ये हमारा नहीं है।"

"अम्मा, कान बघा ना. तुमच्या कुत्र्याचा कान पडलेला होता ना?"

"हमारे का? दोनों खड़े थे. देख ना," तिने भिंतीकडे बोट केलं. "ऑपरेशन के बाद पट्टी खोली, घर आई, सब से पहले इसी को देखा. मेरी बेटी का हाथ मैं नहीं पहचानूंगी?"

"ते मी काढलंय, अम्मा. शप्पथ."

"तूने?" ती पुन्हा हसली, अगदी मायेने. "तू कारखाने का बाबू. इतना अच्छा तुझसे कैसे बनेगा?"

मी दाराबाहेर पाहिलं. फ्रेमवाला पाठमोरा बसला होता. एक शब्द त्याने बोलायला हवा होता. हातोडी पुन्हा चालू झाली. आज मला त्याचा राग येत नाही. बहिणीची झोप त्याला माझ्या मनाच्या शांतीपेक्षा मोठी वाटली असेल, आणि ती होतीच.

अम्माने माझं फडकं झटकलं, चित्र त्यात नीट बांधलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. "अच्छा है ये भी. किसी का होगा. जिसका है, उसको दे आ।"

मग चहा ठेवायला उठली. मला नको म्हणता आलं नाही.

घरी बायकोने हातातलं बोचकं पाहिलं. मी नक्कल काढत होतो ते सहा महिने दोन्ही चित्रं तिच्या डोळ्यांसमोर होती. "परत का आणलंत? त्यांचं होतं ना?"

"त्यांना नको म्हणाले," मी म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मी ते पुन्हा कपड्यांखाली ठेवलं.