ढकलणारी

गाडी चालू होत नसली की आधी पेट्रोल बघ, मग प्लग बघ, मग किक बघ, आणि तरी नाहीच झाली तर स्वतःचं डोकं थंड कर, असं आबा सांगायचे. वडिलांच्या शिकवणीतलं पहिलं सगळं मला जमलं. शेवटचं आजतागायत जमलेलं नाही. माझं डोकं जन्मतःच तापलेलं, त्याला कोण काय करणार!

आबांचे गुडघे गेले तशी त्यांची शंभर सीसीची जुनी गाडी माझ्या हातात आली. पारोळ्याला डेअरीवर दूध घालायला मी, दवाखान्यात आबांना न्यायला मी, गुरांच्या ढेपेचं पोतं आणायलाही मीच. घरात भाऊ नाही. आम्ही दोघी बहिणी, आणि मोठी अक्का धुळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत एका गावात दिलेली.

दिली म्हणजे टाकलीच म्हणा. दाजी मारतो हे आम्हाला माहीत होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा माय रडली, आबा बोलून आले, दाजीने पाया पडून माफी मागितली. मग पुन्हा मारलं. मग अक्काचा फोन काढून घेतला. त्यानंतर आम्हाला काही कळेनासं झालं आणि घरात सगळ्यांनी त्यालाच बरं चाललंय असं म्हणायला सुरुवात केली. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आणि एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अक्काच होती. आवाज इतका बारीक की मी कानात बोट घालून ऐकलं.

"अवंदा मुराळी नही उना, तं पुढला आखाजीले मन्हा नावनी घागर भरज्यात."

फोन कट. आखाजीला आमच्याकडे घागर भरतात ती घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने.

आणि मुराळी म्हणजे आखाजीला सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस. तो दारात आला की लेक पाठवावीच लागते. नाही म्हणणाऱ्याच्या तोंडात गल्ली शेण घालते. चुलतभावांना विचारलं. एकाला कुठलं तरी लग्न होतं. दुसरा म्हणाला, "नवराबायकोना मामला शे, आपण कशाले पडानं?" बांगड्या भरा, असं अगदी ओठावर आलं होतं. पण माझ्याच हातात बांगड्या होत्या, त्यांचा अपमान कशाला करू? म्हटलं, मीच जाते मुराळी म्हणून.

ऊन असं की हायवेवरचं डांबर चाकाला चिकटत होतं. मी मुद्दाम दुपार धरली होती. आखाजीच्या दिवसांत आमच्याकडे गडी माणसं पत्ते कुटत बसतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. दाजी पारावर असणार, घरी सासू एकटी असणार, असा माझा हिशेब. तो बरोबर निघाला.

सासू दारातच म्हणाली, "पोरगी मुराळी उनी का? गडी मेलात का तुम्हना?"

"जिवंत आहेत, मावशी. पण कामाचं कोणी नाही."

समोरच्या ओट्यावरच्या बायका फिस्सकन हसल्या. गल्ली बघतेय म्हटल्यावर सासूला नाही म्हणता येईना. तिने पाणी दिलं, सांजोरी पुढे केली, उद्या पाठवते म्हणाली. मी म्हटलं, आत्ता. तेवढ्यात अक्का कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. खालचा ओठ फाटून वाळलेला, आणि मानेवर पट्ट्याचे वळ, बकलाच्या खुणेसकट. माझ्या हातातली सांजोरी मी तशीच ताटलीत ठेवली. ती मला गिळवलीच नसती.

गाडीपाशी आलो. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. सासू जिना चढून घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर गेली आणि पाराकडे तोंड करून मुलाला हाका मारायला लागली.

पेट्रोल बघ. टाकी हलवली, खळखळ वाजली. कॉक उघडा होता, तरी रिझर्व्हवर टाकून पाहिला. प्लग बघ. डिकीतून पाना काढला, प्लग खोलला. भट्टीसारखा तापलेला आणि पेट्रोलने ओला, टोकाला काळं किटण. किका मारमारून मीच जास्तीचं पेट्रोल आत पाजलं होतं. ओढणीने पुसला, नखाने किटण खरवडलं, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी येत होती. देवा, ठिणगी येत होती! बोटं भाजत प्लग परत बसवला, वायर दाबली आणि सगळं अंग टाकून किक मारली. किक पोकळ खाली गेली. पुन्हा मारली. पोकळच. आतले दाते झिजले होते, ते नेमके त्या दिवशी, त्या दारात सुटले.

"काय साळीबाई, चालू नही व्हई ऱ्हायनी का?"

दाजी. बनियनवर, पत्ते अजून हातात. आधी हसला. मग अक्काकडे हनुवटी उडवून म्हणाला, "तिले सांग ना ढकलाले. मन्ही गाडी रोज तीच ढकलस. सवय शे तिले."

ओट्यावर कोणी हसलं नाही. त्याने पत्ते खिशात घातले, अक्काची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. किती सहज! आपण दार लोटतो तसं. दुसऱ्यांदा आपटायला त्याने ओढलं तेव्हा प्लगचा पाना माझ्या हातातच होता. मी तो त्याच्या मनगटावर हाणला. हाडाचा आवाज आला. तो ओरडून वळला आणि मी दुसरा तोंडावर दिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्याच्या दातांतून रक्त आलं ते बघून मला आणखी मारावंसं वाटलं.

मग त्याने मला मारलं. लाथ पोटात बसली, श्वासच गेला. उठते तोवर अंगणातल्या चुलीपुढचं लाकूड घेऊन तो आला आणि ते माझ्या खांद्यावर बसलं. डावा हात लुळा पडला. मी ओरडले, "अक्का, ढकल! मी बसते, तू ढकल!"

अक्का गाडीपाशी उभी होती. कपाळाचं रक्त त्या सुजलेल्या डोळ्यावर उतरलेलं. ती म्हणाली, "आते मी ढकलाव नही. तू ढकल."

आणि साडी वर खोचून ती गाडीवर बसली. माझी अक्का, जिने सायकलच्या पुढे कधी काही चालवलं नव्हतं!

"येते का तुला?"

"रोज मांगून ढकलता ढकलता पाहेल शे."

तिने क्लच दाबला, पायाने गिअर टाकला. दुसरा. पहिला नाही, बरोबर दुसरा. मी कॅरिअरला एक हात आणि छाती लावून ढकलायला सुरुवात केली. दाजीने मागून माझे केस धरले. मी ढकलत राहिले. केसांचा झुपका त्याच्या हातात राहिला, मी पुढे गेले. पाठीत लाकूड बसलं. गल्लीला उतार होता, गाडीने वेग घेतला, अक्काने क्लच सोडला. गाडीने दोन गचके खाल्ले, धूर ओकला आणि चालू झाली. मी उडी मारायला गेले ती तोंडावर पडले. समोरचा दात तिथेच मातीत राहिला.

मान वर केली तेव्हा अक्का वळणावरून दिसेनाशी झाली होती. दाजी माझ्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि मी हसत होते. वेड लागल्यासारखी हसत होते.

मग समोरच्या ओट्यावरची म्हातारी मुसळ घेऊन उतरली. "मुराळीवर हात टाकस, मेल्या! आखाजीना दिन!" तिच्यामागे बाकीच्या आल्या. खराटा, बादली, चप्पल, हाताला येईल ते घेऊन. दाजी घरात पळाला आणि आतून कडी लावली. त्यांनी दारावर दगड घातले. मला उठवलं, पाणी पाजलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. म्हातारी पुसता पुसता सांगत होती. त्याच्या गाडीची बॅटरी मेलेली. नवी घालायची नाही, बायको आहे ना ढकलायला. रोज सकाळी, पोटुशी होती तेव्हासुद्धा. ते पोर टिकलं नाही.

मी तिचा हात झटकला. "रोज बघत होतात? आणि मुसळ आज सापडलं तुम्हाला?"

म्हातारीने फडकं पिळलं. सुनेला मारतात ते चालतं, मुराळीला मारलं की पाप. त्या बायांनी माझा जीव वाचवला, हे खरं. तरी त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांनीच एका टेम्पोत बसवून दिलं. हायवे लागला आणि मला धडकी भरली. चालू करणं अक्काला माहीत, पण ट्रक, वळणं, ब्रेक? प्रत्येक वळणावर मी रस्त्यात पडलेली साडी शोधत होते. गावं मागे पडत गेली. मुकटी गेलं, तरी ती दिसेना. पारोळा जवळ आलं तेव्हा कुठे दिसली. गाडी कडेला आडवी, आणि अक्का लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसलेली. कोपरं सोलपटलेली. सबंध रस्ता दुसऱ्याच गिअरमध्ये आली होती. इंजिनातून जळका वास येत होता. टाकी हलवली, पेट्रोलचा थेंब नव्हता.

जीव भांड्यात पडला तसा मला संताप आला. तुटल्या दाताने मी तिच्यावर ओरडले. "वेडी आहेस का तू? गावाबाहेर थांबायचं ना माझ्यासाठी! मेली असतीस ना!"

तिने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "थांबतू तं गाडी बंद पडी जाती," ती म्हणाली. "मंग ढकलाले कोन व्हतं?"

मी एका हाताने गाडी उभी केली. ती ढकलायला उठली तेव्हा तिला दटावून सीटवर बसवलं आणि पेट्रोल पंपापर्यंत मी ढकलत नेली. ती बसून होती.