तात्यांची एक लाखाची उजळणी

कॉम्प्युटरवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं टाय, सोनेरी चष्मा आन् फाडफाड इंग्रजी आलं असंल. पुसून टाका. आमच्या खात्याचे तात्या सणसरचे, पायात करकरणाऱ्या वहाणा, आन् साऱ्या बारामती-इंदापुरात त्यांच्यासारखं डोकं दुसरं न्हाय.

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात एक मशीन दुसऱ्याला काम सांगायचं ते नावानं, पण समोरच्याला कळायचा फक्त नंबर. कुठल्या नावाला कुठला नंबर, याची यादी मशिनीत होती. ती तात्या रोज सकाळी पाढ्यांच्या चालीत म्हणायचे. "पोर्टमॅपर एक लाऽख, एनएफएस एक लाख तीऽन," इथं पँट वर ओढायचे, "माउंटडी एक लाख पाऽच," इथं खोकायचे. आमच्या वजनकाट्याचा नंबर नऊ आकडी, तो एका दमात. कागदावर मात्र काय न्हाय. "कागुद भिजतो. डोकं भिजतं का?" टेपवर एक प्रत होती, पण टेपच्या कपाटाची किल्ली तात्यांच्या करदोट्याला.

चहाच्या सुट्टीत मी ही उजळणी करून दाखवायचो, खोकल्यासकट. तात्या आले की गप्प.

एकदा तात्या काटेवाडीला भाचीच्या लग्नाला गेले, किल्लीसकट. मी यादीच्या शेवटी गेटच्या मशिनीचं नवं नाव जोडाय गेलो आन् जुनी सगळी पुसली. एकटं गेट उरलं! काटा बंद, ट्रकांची रांग पार रस्त्यापत्तूर. साहेब म्हणाले, "दुपारपत्तूर काटा चालू न्हाय झाला तर उद्यापास्नं येऊ नको." माझी नोकरी उणीपुरी तीन म्हैन्यांची.

मला एकबी नंबर येत नव्हता. पण मला तात्या येत होते! उभा ऱ्हायलो, मान हलवली, "पोर्टमॅपर एक लाऽख..." नंबर आपसूक गळ्यातनं पडाय लागले, शेजारचा कारकून टाइप करत सुटला. पँट ओढली, पुढचा आला. खोकलो, त्याच्या पुढचा आला. काट्याला छाती भरून घेतली, "त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाख सत्तर हजार नऊशे बारा!" काटा चालू! बाहेर हॉर्न वाजले, खात्यानं मला खांद्यावर घेतलं.

वरनं पाहतो तर दारात तात्या, डोक्याला लग्नाचा फेटा. यादीला सोडून लग्नात जीव रमला न्हाय म्हणं. कधीपास्नं उभे होते, देव जाणे.

"खाली उतर. पुसलंस त्याचं ऱ्हाऊ दे. एक लाख पाचला मी खोकतो व्हय रं? तीनला खोकतो मी, तीनला! तीन म्हैने काय कानात बोळे घातलं व्हतंस?"

करदोट्याची किल्ली सोडून त्यांनी टेबलावर आपटली.

"ही आता हितंच ऱ्हाईल. मलाबी मधलं इसरतं कवाकवा. म्हण परत, पैल्यापास्नं. आन् नीट खोक."