बाबांची ऑल्ट की

मला कुणी ‘जाऊ द्या’ म्हटलं की माझं डोकं सटकतं. वाशीच्या रिपेअरवाल्याने तेच म्हटलं. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा त्याच्या काउंटरवर उघडा पडला होता आणि तो मला समजावत होता, “मॅडम, जाऊ द्या ना, काकांना एक टॅब घेऊन द्या.” मी म्हटलं, टॅब तुझ्या काकांना दे, आमच्या बाबांची डिस्क तेवढी काढून दे. बिचाऱ्याने काढून दिली. अर्धी डिस्क वाचताच आली नाही, पण बाबांचा वर्ड प्रोसेसर आणि त्यांचं लिखाण तेवढं शाबूत निघालं.

बाबा म्हणजे माझे सासरे. नेरूळच्या गावठाणातले, शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. खाडीकाठची बोली, मासळीची नावं, भरती-ओहोटीचे शब्द यांवर ते कित्येक वर्षं लिहीत होते, तेही एका अतिप्राचीन मराठी वर्ड प्रोसेसरवर. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. आम्ही सगळे त्यावरून त्यांची टर उडवायचो. मग त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. हात-पाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना रोजच्या सवयीच्या कामाला लावा, त्यातूनच काही परत आलं तर येईल. आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉम्प्युटरने मान टाकली. नव्या लॅपटॉपचा मराठी कीबोर्ड दाखवला तर बाबांनी दोन अक्षरं दाबली, तिसरं सापडेना, आणि हात मांडीवर ठेवले. तेव्हापासून ते खिडकीशी नुसते बसून असत. ते हात बघून मला भीती वाटायची. वाटायचं, हे असेच राहिले तर आतला माणूसही हळूहळू उठून जाईल.

तेव्हा मी हट्टाला पेटले. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांच्याच शिव्या खायच्या, त्यामुळे चिकाटीची कमी नव्हती. जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्राम मी लॅपटॉपवर टाकला, बाहेरून एक मोठा कीबोर्ड जोडला आणि त्यात बाबांचा वर्ड प्रोसेसर उघडला. हिरवी अक्षरं दिसली तेव्हा मी खुर्चीतच नाचले. बाबांना कोऱ्या पानासमोर आणून बसवलं. त्यांची बोटं बरोबर पडायला लागली. एक ओळ, दीड ओळ. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीतरी बोलल्या. बाबांनी ऑल्ट की दोनदा दाबली. काहीच झालं नाही. परत दोनदा दाबली. आणि हात मांडीवर.

“आई, हे काय शोधतायत?” मी विचारलं.

“मला काय ठावं? मी बोलाय लागले का ह्ये दोनदा टकटक करायचे नि माझं बोलनं लिवायचे. मंग परत टकटक, नि आपलं लिवायचे.”

नवरा तेव्हा जहाजावर होता. त्याला फोन लावला. त्याला आठवलं, “अगं, बाबांकडे मल्टिटास्किंगचं सॉफ्टवेअर होतं. डॉसवर, त्या काळ्या पडद्यावर, एकदम दोन प्रोग्राम चालवायचं. लहानपणी मी मित्रांना घरी आणून दाखवायचो.”

असं होतं तर. एकीकडे त्यांचा प्रमाण मराठीतला लेख, दुसरीकडे आईंची बोली जशीच्या तशी, आणि मध्ये ती ऑल्ट की. ते कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी ऑफिसला सुट्टीच टाकली.

डिस्कच्या न वाचलेल्या भागात गेलेलं ते सॉफ्टवेअर जुन्या गोष्टी जपणाऱ्या हौशी मंडळींच्या एका साइटवर मिळालं. त्यात प्रोग्राम बसवायचा म्हणजे आधी एक प्रश्नांचा पडदा भरायचा. प्रोग्रामला मेमरी किती? तो थेट पडद्यावर लिहितो का? मागे गेल्यावर चालत राहू द्यायचा का? स्थळ बघायला आलेली मंडळी विचारतात तसले प्रश्न, आणि मुलगी काय खाते, कधी उठते, मला काही माहीत नाही. पहिल्यांदा मी वर्ड प्रोसेसरला भरपूर मेमरी दिली. एक खिडकी उघडली, दुसरी म्हणाली मेमरी पुरत नाही. थोडी कमी केली, तरी तेच. आणखी कमी केली तर पहिलीच उघडेना. असं मागेपुढे करत करत एकदाच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि मी एवढ्या जोरात टेबलावर हात मारला की आई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

“काय गो, काय फोरलंस?”

“काही नाही आई, दोन झाले. दोन चालू झाले.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता मलाही डॉक्टरकडे न्यावं लागणार.

मी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे लेख, उजवीकडे बोली. ऑफिसात माझ्यासमोर दोन स्क्रीन असतात, माझं सगळं आयुष्यच शेजारी शेजारी. पण टाइप करायला गेले तर डावीकडच्या मात्रा उजवीकडे सांडायला लागल्या. वेलांट्या अधांतरी, रफार कुठेतरी कोपऱ्यात. तो मराठी वर्ड प्रोसेसर अक्षरं स्वतः पडद्यावर चितारायचा, कुणाच्या चौकटीबिकटीला जुमानायचा नाही. मी सेटिंग बदलली, रंग बदलले, खिडक्या लहान केल्या. दुपारपर्यंत पडद्यावर नुसती खिचडी. आता मात्र मीच रडकुंडीला आले.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी उलगडली आणि पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर टाकला.

मला वाटलं, झालं, कंटाळले. बंद कर म्हणतायत. मी म्हटलं, “बाबा, असं नका ना करू. एवढं केलंय मी.” त्यांनी नाही अशी मान हलवली. पंचा उचलला आणि डाव्या बाजूवर टाकला. मग परत उजव्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातल्या ढ पोराला तिसऱ्यांदा समजावणाऱ्या मास्तरांचा भाव होता.

आणि मला आमच्या आई बाजारात बसलेल्या दिसल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अजून मासळी विकायच्या. पुढ्यात दोन पाट्या असायच्या, पण उघडी एकच. दुसरीवर ओलं फडकं. गिऱ्हाईकाला कोलंबी हवी तर बोंबलावर फडकं, बोंबील हवे तर कोलंबीवर. मी एकदा दोन्ही उघड्या ठेवल्या होत्या तर केवढा ओरडा खाल्ला होता. बाबा शाळा सुटली की त्याच पाट्यांशेजारी बसून वह्या तपासायचे. त्यांना दोन्ही एकदम बघायचंच नव्हतं. एक पूर्ण उघडी, एक पूर्ण झाकलेली, एवढंच.

मी धावत प्रश्नांच्या पडद्यावर परत गेले. थेट पडद्यावर लिहितो का? हो, लिहितो, लिहू दे. प्रत्येकाला अख्खा पडदा. मागे गेल्यावर चालत राहू द्यायचा का? नाही, तिथेच गप्प बसायचं. आणि पालटायला ऑल्ट की दोनदा. मशीन बंद करून परत चालू केलं. ऑल्ट, ऑल्ट. लेख गेला, बोली आली. ऑल्ट, ऑल्ट. लेख आला, मात्रा जागेवर, रफार डोक्यावर. मी हसत होते का रडत होते मलाच कळेना.

बाबांना पुढे बसवलं. त्यांनी आधी लेखातलं अर्धवट वाक्य पुरं केलं. झटका आला त्या दिवसापासून ते तसंच लोंबकळत होतं. तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला, नेहमीच्या पट्टीत.

“कोनाला सांगू? ही पोर सकालपासून त्या डब्यासमोर बसलीय, हिला खान्याचं भान हाय का? भाकर थंड झाली.”

बाबांचा हात हलला. ऑल्ट, ऑल्ट. पडदा पालटला, आणि हिरवी अक्षरं एकामागून एक उमटायला लागली. कोनाला सांगू. ही पोर सकालपासून. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी आत जाऊन आईंना हात धरून आणलं. त्यांच्या हाताला पीठ होतं. त्यांनी पडद्याजवळ वाकून स्वतःचं बोलणं अक्षर लावत लावत वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पदराने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं.

“इतके दिस तुमच्यापुढं मी गप बसले,” त्या बाबांना म्हणाल्या. “म्हनलं, ह्ये ऐकतच नाहीत, तर कोनाशी बोलू? किती सांगायचं राह्यलंय. थांबा, गॅस बंद करून येते.”

त्या लगबगीने आत गेल्या. बाबांनी तेही लिहिलं, गॅस बंद करून येते, आणि दोन्ही हात कीबोर्डवर तसेच ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.