टॉवेलखालची दोन बोटं
म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात दोन माणसं टॉवेलखाली हात घालून उभी दिसली की मला कराडच्या सोनोग्राफीची ती थंडगार खोली आठवते. माझे वडील, आबा, बैलांचे दलाल. भावाचा आकडा ते टॉवेलखाली समोरच्याची बोटं दाबून सांगायचे. शेकडा की हजार, तेवढंच तोंडानं. त्यांच्या मानेत लिंबाएवढी गाठ आली होती, बोट ठेवलं की नाडीसारखी उडायची. डॉक्टर मॅडमनी जेल लावून मशीन फिरवलं, आणि पडद्यावर गाठभर लाल-निळं रक्त खळखळताना दिसलं. "सुई घालून तपासा की," मी म्हणालो. "ही गाठ रक्तवाहिन्यांचीच आहे, सुई घातली तर रक्त आवरणार नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूकडे जाणाऱ्या शिरेला तिनं किती वेढलंय ते बघते, त्यावर ऑपरेशन ठरेल. जोखीम मोठी आहे. काका, आता बोलू नका, गिळू नका." आबांनी छातीवरच्या टॉवेलखाली माझा हात ओढला आणि दोन बोटं दाबली. दोन काय, ते तोंडानं सांगायचं असतं, आणि तोंड तर बंद. त्यांचे डोळे माझ्यावरच होते. मी घाबरून होकारार्थी मान हलवली. तपासणी संपताच ते उठून बसले आणि म्हणाले, "ठरलं. करा आपरेशन." बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, दोन काय?" "सौदा झाल्यावर बोलायचं नस्तं रं." ऑपरेशनच्या टेबलावरून ते परत आले नाहीत. अजूनही बाजारात गेलो की मी खिशात माझीच दोन बोटं दाबून बघतो, आणि पुढचा शब्द काही केल्या ऐकू येत नाही.