पेट्रोल गेला खंय?

समोर कुठलीही नवी गाडी उभी राहिली, की काका आधी तिच्या बॉनेटवर तळहात टेकवत आणि मग मालकाकडे वळून विचारत, "किती देता रे?"

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल. गाडीचा रंग, किंमत, आतली मोठी स्क्रीन यातलं काही त्याला नको असतं, फक्त ॲव्हरेज हवं असतं. एका लिटरला किती किलोमीटर, एवढं कळलं की त्याच्या लेखी गाडीची ओळख पूर्ण होते. काकांचं हे वेड गाड्यांपुरतंही उरलेलं नव्हतं. सोसायटीत सोलर पॅनल बसले तेव्हा त्यांनी गच्चीवर जाऊन तेच विचारलं. शेजारच्या विंगमधल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाबद्दलही हाच प्रश्न आला, आणि मुलीच्या आईने दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. वडील गिरणीत होते, काका स्वतः चौतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी लग्न करून कुडाळला गेली होती. ती दर रविवारी फोन करून सांगे, की बाबा, आता एकटं राहू नका, इकडे या. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "माझा टकला अजून जाग्यार आसा. टाकीचो हिशोब अजून तोंडी करतंय मी." मालवणीत टकला म्हणजे डोकं. काकांच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडत.

टाकीचा हिशोब म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पेट्रोल पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि गाडीच्या मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. गाडी वापरायची. मग पुन्हा तशीच काठोकाठ भरायची. मधे किती किलोमीटर झाले आणि आता किती लिटर मावलं, त्याचा भागाकार. काका याला 'फुल टू फुल' म्हणत. पार्किंगमधल्या सहा-सात गाड्यांची त्यांनी एका लांब वहीत अशी नोंद ठेवलेली होती आणि भागाकार ते दोन दशांश स्थळांपर्यंत मनात करत. गाडीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "स्क्रीन कंपनीची, टाकी आपली. टाकी खोटा बोलणा नाय."

अशा माणसाच्या इमारतीत मी हायब्रिड गाडी घेऊन आलो.

शोरूममधल्या पोराने सत्तावीस देईल म्हणून सांगितलं होतं आणि मी ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत होतो. काका बेसमेंटमध्ये आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, चालू कर. चालू आहे, असं मी म्हटलं. त्यांनी कान लावला. मी गाडी दोन हात पुढे घेतली तेव्हा ते दचकून मागे सरले. "मेल्या, आवाज खंय?" चौतीस वर्षं नुसत्या आवाजावरून बसचा आजार ओळखणाऱ्या माणसाला बिनआवाजाची गाडी म्हणजे मुक्या पेशंटसारखी होती. मी त्यांना समजावलं, की हळू चालताना ही बॅटरीवर चालते आणि गरज पडली की इंजिन आपणहून सुरू होतं. त्यांनी वहीचं एक नवं पान माझ्या नावाने उघडलं.

पहिले दोन महिने आकडा बावीसच्या आसपास आला. मी हिरमुसलो, काका मात्र खूश होते. सत्तावीस ज्या रस्त्यावर मिळतात त्या रस्त्यावर भांडुप नसतं, म्हणाले. साकीनाक्याला ऑफिसला जाऊन-येऊन बावीस म्हणजे गाडी गुणाची आहे. लिफ्टमध्ये मी पंचवीस सांगत राहिलो, हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी चालवून घेतलं.

मग माझी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती अंथरुणाला खिळली. घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एका खोलीत आईची कॉट. तिचं सगळं माझी बायको करत होती. मी साडेसहाला साकीनाक्याहून सुटायचो, साडेसातपर्यंत बेसमेंटमध्ये पोचायचो आणि तिथेच थांबायचो. पहिल्या दिवशी एक फोन संपवायचा होता म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी कुठलाच फोन नव्हता. आठवड्याभरात पाच मिनिटांचा तासच झाला. काचा बंद, एसी चालू, सीट मागे रेललेली. वर आई कण्हत असायची, डायपर बदलायचा असायचा, बायकोच्या कपाळावर आठी असायची. खाली काहीच नव्हतं.

हायब्रिड गाडीचा हा अवगुण कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. साधी गाडी उभी ठेवून एसी लावला, तर घरघर ऐकून वॉचमन येऊन विचारतो. ही गाडी गप्प असते. मधूनच बॅटरी उतरली, की इंजिन दोन मिनिटं हलकेच गुणगुणतं आणि पुन्हा झोपतं. बेसमेंटमध्ये रेंज नसते, म्हणून बायकोला 'विक्रोळीला अडकलोय' हा मेसेज मी गेटवरच टाकून घेत असे. काका त्या वेळी नाना-नानी पार्कात असत. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

पण टाकीला कळलं. पुढच्या फुल टू फुलला आकडा आला सतरा.

काकांनी भागाकार परत केला, मग कागदावर केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पेट्रोल गेला खंय?"

मी खांदे उडवले. ते तिथल्या तिथे संपवता आलं असतं. काका, मी रोज तासभर एसी लावून गाडीत बसतो, एवढंच वाक्य होतं. पण काकांना सांगितलेली गोष्ट पार्कातून फिरून माझ्या स्वयंपाकघरात यायला दोन दिवस पुरले असते. मी म्हटलं, लिहिताना काही चुकलं असेल.

पुढच्या वेळी ते स्वतः माझ्याबरोबर पंपावर आले. वाकून नळीकडे बघत राहिले आणि आकडा आपल्या हाताने लिहिला. दोन आठवड्यांनी पुन्हा सतरा. मग बहात्तर वर्षांचा तो माणूस एका रविवारी सकाळी जुनी लुंगी नेसून, पुठ्ठा अंथरून माझ्या गाडीखाली शिरला. टॉर्चच्या उजेडात त्यांनी टाकी, नळ्या, जोड सगळं चाचपलं. मी शेजारी चहाचा कप धरून उभा होतो. खालून मधूनमधून त्यांचा आवाज येत होता, सुका आसा, हयही सुका आसा. बाहेर आले तेव्हा त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला. गळती नव्हती. चाकांत हवा बरोबर होती, एअर फिल्टरही स्वच्छ होता. एकेक कारण ते खोडत गेले.

मी मात्र त्यांना एक फोटो दाखवला. स्क्रीनवर त्या-त्या फेरीचं ॲव्हरेज दिसतं. संध्याकाळी गाडी पार्क केल्या केल्या, म्हणजे बसायला सुरुवात करण्याआधी, मी त्याचा फोटो काढला होता. साडेबावीस. "बघा काका, गाडी तर बरोबर देतेय."

काकांनी चष्मा वर करून तो फोटो बराच वेळ पाहिला. स्क्रीन एखादा आकडा वाढवून सांगते, हे त्यांना मान्य होतं. पाच कधी वाढवत नाही. "मगे माझाच काय तरी चुकता," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी फोन खिशात घातला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

एकदा सापडलोही होतो. पार्कात माणसं कमी होती म्हणून काका लवकर परतले आणि माझ्या काचेवर टकटक झाली. मी डोळे मिटून पडलो होतो. काच खाली करून म्हटलं, आत्ताच आलो. त्यांनी सवयीने बॉनेटवर तळहात टेकवला. नुकतंच इंजिन चालून गेलेलं, बॉनेट गरम होतं. त्यांनी मान डोलावली. ट्रॅफिकमध्ये फार हाल होतात तुझे, म्हणाले, आणि माझी बॅग उचलून लिफ्टपर्यंत आले. आयुष्यभर ज्या हातावर त्यांनी भरवसा ठेवला, त्या हाताला मी त्या दिवशी फसवलं.

हळूहळू ते इतर पानांवरचे भागाकारही दोनदा करायला लागले. मग कॅल्क्युलेटर आला. सगळे आकडे बरोबर होते, पण बरोबर आल्यावरही ते पुन्हा करत. गॅस बंद केला का, हे बघायला पार्कातून परत येत. मी हे सगळं बघत होतो आणि रोज साडेसातला सीट मागे रेलवत होतो.

दिवाळीनंतर मुलगी कुडाळहून आली. आमच्याकडे आईला बघायला म्हणून दोघं आले. बायको पाणी घेऊन बाहेर आली होती आणि मी आईच्या कॉटपाशी उभा होतो. काकांनी आपणहून विषय काढला. मुलीला म्हणाले, की तू सांगत होतीस ते बरोबर होतं, सहा महिने साधा भागाकार जमत नाही, हा साक्षीदार आहे.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्हीच खरं सांगा. बाबांचं खरंच चुकतं का? तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

बायको तिथेच होती, हातात ट्रे घेऊन. ती सकाळपासून दोनदा आईच्या चादरी बदलून दमलेली होती. विक्रोळीचे सहा महिन्यांचे मेसेज तिच्या फोनमध्ये होते. मी काकांकडे न बघता म्हटलं, "होतं थोडंफार. वयच आहे ना."

काका हसले. त्यांनी आईच्या पायावर हलकेच हात ठेवला आणि उठले. महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावर दुसरं कुटुंब राहायला आलं. जाताना काकांनी वही माझ्याकडे दिली. तुझं पान पुरं कर, म्हणाले.

त्यानंतर मला बेसमेंटमध्ये बसवेना. सीट मागे घेतली, की काचेवर टकटक होईल असं वाटायचं. मी सरळ वर जाऊ लागलो. आईला भरवू लागलो, चादर बदलताना दुसरं टोक धरू लागलो. बायको एकदा म्हणाली, "हल्ली ट्रॅफिक कमी झालंय वाटतं." मी हो म्हटलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

वही मात्र भरत राहिलो. फुल टू फुल, काकांच्या पद्धतीने. पहिल्या वेळी आकडा बावीस आला, दुसऱ्या वेळी बावीस पूर्णांक तीन. ते आकडे काकांच्या अक्षरातल्या सतराच्या खाली माझ्या अक्षरात लिहिले आणि पंपावरच वही मिटून टाकली. त्याच संध्याकाळी मी कुडाळला फोन लावला.

सगळं सांगितलं. रोजचा तास, एसी, गेटवरचा मेसेज, फोटो, गरम बॉनेट. तुमचं काहीही चुकलं नव्हतं काका, म्हटलं. तासाला अर्धा लिटर धरा, महिन्याचे पंचवीस दिवस, करून बघा भागाकार, बरोबर सतरा येतील.

मला वाटलं, पलीकडे ते मनात भागाकार करतायत.

"तू चांगलो आसस रे," काका म्हणाले. "माका बरा वाटूक होया म्हणान ह्या सगळा सांगतस."

मी शपथ घेतली. त्यांनी ती ऐकून घेतली, लहान मुलाचं ऐकून घेतात तशी. हिशोब आता सोडलाय, म्हणाले. आईची चौकशी केली. मग न राहवून, पूर्वीच्याच आवाजात विचारलं, "आता किती देता?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच मी फोन केला होता. "बावीस," मी म्हटलं.

"बघ," काका म्हणाले. त्यांना माझ्यासाठी मनापासून बरं वाटलं होतं. "लिवणारो बदललो आणि गाडी सुधारली."